देवाचा डोंगर आणि चढणाऱ्याचा दोर



प्रतापगड हे नाव उच्चारताच आपणापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वराजवळचा, १६५९ साली अफझलखानाच्या भेटीने इतिहासात अजरामर झालेला किल्ला उभा राहील, यात संशय नाही. परंतु आज मी ज्या प्रतापगडाविषयी बोलणार आहे तो महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकास, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. नवेगाव बांधाचा विस्तीर्ण तलाव येथून फार दूर नाही. भोवती धानाची शेते, मोहाची व तेंदूची झाडे आणि मधूनच उठलेल्या डोंगरांच्या रांगा. अशाच एका डोंगरावर जुन्या गडाचे अवशेष आहेत. तेथेच महादेवाचे ठाणे आहे, आणि याच डोंगराच्या आश्रयाने ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. महादेवाला बेल वाहणारा माणूस दर्ग्यापुढेही हात जोडून जातो, आणि त्यात त्याला काही विशेष केल्यासारखे वाटत नाही.

अशा ठिकाणाची आठवण आज कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, अलीकडे शहरांतील तरुणांत प्रस्तरारोहणाची, म्हणजे दोर लावून उभे कडे चढण्याची हौस फार वाढली आहे. सह्याद्रीतील नामांकित कडे आता गजबजले आहेत आणि नव्या खडकांचा शोध सुरू झाला आहे. माझ्या एका भाच्याने गेल्या हिवाळ्यात मला विचारले, "मामा, तुमचे सारे आयुष्य पूर्व विदर्भात गेले. तिकडे चढण्याजोगे खडक कोठे आहेत?" प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर देताना मला माझीच पंचेचाळीस वर्षांपूर्वीची एक चूक आठवली. ती आपणापुढे मांडल्यावाचून हा विषय मला प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. गोंदिया जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. तो १९९९ साली झाला. सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. मी नुकताच शिक्षक झालो होतो. मुलांना धीट करावे, त्यांना मोकळ्या हवेत न्यावे, असा माझा उत्साह दांडगा. एके रविवारी आठवीची पंधरा-वीस मुले घेऊन मी जवळच्याच एका टेकडीवर गेलो. तेथे दोन पुरुष उंचीचा एक सुटा, उभा खडक होता. माझ्याजवळ विहिरीचा सोल होता. तो वरच्या झाडाला बांधून मी एकेका मुलाला वर चढवू लागलो. एका गोंड मुलाची पाळी आली तेव्हा तो मागे सरला आणि म्हणाला, "गुरुजी, मी नाही चढत. तो आमचा पेन आहे." पेन म्हणजे गोंडी भाषेत देव. मग पलीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तिकडचा खडक चढू. तो देवाचा नाही."

मी काय करावयास हवे होते, हे आज मला स्पष्ट दिसते. पण त्या दिवशी मी सर्व मुलांदेखत त्याला भित्रा म्हटले आणि देवाची सबब सांगतोस काय, असे विचारून त्याची थट्टा केली. मुले हसली. तो मुलगा रडला नाही. दोराखाली बसलेल्या मुलांच्या चपला त्याने गोळा केल्या, खडकापासून दूर नेऊन एका ओळीत नीट ठेवल्या, आणि तो त्यांच्यापाशी बसून राहिला.

असो. प्रथम आपण या खेळाचे स्वरूप पाहू. डोंगर चालत चढणे निराळे आणि कडा चढणे निराळे. पहिल्यात पाय काम करतात. दुसऱ्यात हातापायांची बोटे, शरीराचा तोल आणि सर्वांत अधिक म्हणजे मन काम करते. चढणाऱ्याच्या कमरेस पट्टा असतो, पट्ट्याला दोर असतो, आणि तो दोर खाली उभ्या असलेल्या सोबत्याच्या हाती असतो. चढणारा जसजसा वर जाईल तसतसा तो खडकाच्या भेगांत पाचरी बसवितो, किंवा खडकाला भोक पाडून त्यात पोलादी मेख ठोकतो व तिच्या कडीतून दोर ओवून घेतो. पाय निसटला तरी शेवटच्या मेखेच्या वर जेवढा दोर गेला असेल त्याच्या दुपटीहून थोडे अधिक, एवढाच काय तो पडण्याचा धोका. घामाने हात घसरू नयेत म्हणून बोटांना पांढरी पूड लावतात. हा खेळ आंधळ्या धाडसाचा मुळीच नाही. किंबहुना दोर धरणाऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवण्याचे असे शिक्षण क्वचितच दुसरीकडे मिळेल. मुंबईतील 'गिरिविहार' ही संस्था १९५४ साली निघाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात या खेळाची एक चांगली परंपरा निर्माण झाली आहे. खंडाळ्याजवळची नागफणी, नाणेघाटाशेजारच्या जीवधन किल्ल्यालगतचा वानरलिंगी सुळका, तैलबैल्याच्या दोन जुळ्या भिंती, रायगडासमोरचा लिंगाणा, ही नावे प्रत्येक चढणाऱ्याच्या तोंडी असतात.

आता ही नावेच आपण जरा कान देऊन ऐकावी. नाग, लिंग ही सारी देवादिकांच्या परिवारातली नावे आहेत. नागफणीच्या माथ्यावर शंकराचे लहानसे देऊळ आहे. उंच, एकाकी, विलक्षण आकाराचा खडक पाहिला की चढणाऱ्याचे हात शिवशिवतात. त्याच खडकापुढे त्याच्या पायथ्याचा शेतकरी हात जोडतो. दोघांनाही तो खडक एकाच कारणाने ओढतो. म्हणूनच दोघांची गाठ वारंवार पडते, आणि म्हणूनच या विषयाचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्याचेच आणखी एक उदाहरण घेऊ. सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनाजवळ, कचारगडाची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. केवळ चढणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर असे ठिकाण मिळणे म्हणजे भाग्यच. पण दरवर्षी माघी पौर्णिमेच्या सुमारास देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून गोंड बांधव येथे जमतात. त्यांची कथा अशी की, त्यांच्या आदिपूर्वजांना या गुहेत कोंडून दारावर मोठी शिळा लावली होती. पारी कुपार लिंगो व जंगो रायतड यांच्या प्रयत्नाने ती शिळा हलली आणि मुले मुक्त झाली. म्हणजे त्या समाजाचा जन्मच मुळी या दगडातून झाला. आपण ज्याला कडा म्हणतो ते कोणाच्या तरी आजोळचे घर आहे. अशा घराच्या भिंतीला मेख ठोकण्यापूर्वी आत कोणी आहे काय, एवढे तरी विचारावयास नको काय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पवित्र डोंगर म्हणजे चढू न देण्याचा डोंगर, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तसे नाही. पवित्र डोंगरांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार असा की, जेथे चढणे हीच पूजा असते. आपला प्रतापगड याच वर्गातला. शिवरात्रीला म्हातारीकोतारी माणसे, कडेवर लेकरे घेतलेल्या बाया, सारी गड चढतात. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंग गडाची रीत तर याहून विलक्षण आहे. देवीच्या मंदिरावरचे शिखर अत्यंत अवघड. भाविक तेथे जात नाहीत. पण चैत्री पौर्णिमेच्या रात्री गवळी घराण्यातील माणूस एकटा त्या शिखरावर ध्वज लावून येतो. दोर, मेखा, शिरस्त्राण या गोष्टी आमच्याकडे येण्याच्या पुष्कळ आधीपासून ही चढाई चालू आहे. तीस कोणी क्रीडा म्हणत नाही, एवढाच फरक.

दुसरा प्रकार, जेथे अमुक मर्यादेपर्यंत जावे आणि पुढे जाऊ नये. याचा सर्वांत सुंदर दाखला हिमालयातला आहे. कांचनगंगा हे ८५८६ मीटर उंचीचे, जगातील तिसऱ्या क्रमांकाचे शिखर. सिक्कीमचे लोक त्यास देव मानतात. १९५५ साली चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या ब्रिटिश तुकडीने सिक्कीमच्या राजास वचन दिले होते की, आम्ही अगदी माथ्यावर पाय ठेवणार नाही. २५ मे रोजी जॉर्ज बँड व जो ब्राऊन हे दोघे माथ्याच्या काही फुटांवर पोहोचले. तेथे त्यांना अडविणारे कोणीही नव्हते. तरी ते तेथेच थांबले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी गेलेली जोडीही तशीच थांबली. यामुळे त्यांचा विक्रम कमी झाला असे आजतागायत कोणी म्हटलेले नाही. उलट, त्यांच्यामागून गेलेल्या अनेकांनी तोच पायंडा पाळला. नेपाळातील माछापुच्छ्रे शिखरावर १९५७ साली गेलेले नॉइस व कॉक्स हेही माथ्याच्या थोडे खाली थांबले, आणि पुढे ते शिखर चढाईस बंदच झाले.

तिसरा प्रकार, जेथे मुळीच चढू नये. तिबेटातील ६६३८ मीटर उंचीचा कैलास हा एव्हरेस्टपेक्षा पुष्कळच ठेंगणा. पण त्याच्या माथ्यावर कोणी गेल्याची नोंद नाही. हिंदू, बौद्ध, जैन व तिबेटातील बोन धर्माचे लोक त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतात आणि तेवढ्यावर तृप्त होतात. ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा ३४८ मीटर उंचीचा एकसंध तांबडा खडक आहे. तेथील अनांगू लोक तो न चढण्याची विनंती अनेक वर्षे करीत होते. प्रवासी मात्र साखळदंड धरून चढतच होते, आणि त्या चढाईत ३५ हून अधिक माणसे मेली. आपल्या भूमीवर पाहुणा मेला तर त्याचा दोष आपणाकडे येतो, अशी अनांगूंची भावना. १९८५ च्या २६ ऑक्टोबरला ती जमीन त्यांना परत मिळाली, आणि त्याच तारखेस २०१९ साली चढाई कायमची बंद झाली. अमेरिकेतील 'डेव्हिल्स टॉवर' या सुळक्याची व्यवस्था मात्र निराळी आहे. तेथे जून महिन्यात मूळ रहिवासी जमातींचे विधी चालतात. म्हणून १९९५ पासून त्या महिन्यात चढू नये अशी चढणाऱ्यांना केवळ विनंती केली जाते. सक्ती नाही, दंड नाही. तरी बहुसंख्य चढणारे ती मानतात.

या तिन्ही प्रकारांवरून एक गोष्ट ध्यानात येते. "हा डोंगर चढता येईल काय?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कोठवर, केव्हा आणि कोणास विचारून?" असा तो पुरा करावा लागतो. आणि त्याचे उत्तर पुस्तकात नसते, पायथ्याच्या गावात असते.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, "मास्तर, परंपरेच्या नावाखाली आपल्या देशात काय काय चालले ते तुम्हांस ठाऊक नाही काय?" ठाऊक आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला, तोही परंपरेच्याच विरुद्ध होता आणि तो सर्वस्वी न्याय्य होता. मग खडकावरची बंदी मानावी आणि देवळाच्या दारातली बंदी मोडावी, हे कसे?

मी पुष्कळ विचार केला आहे. मला दोहोंत फरक दिसतो तो असा. बंदी माणसावर आहे की कृतीवर आहे, हे पाहावे. अमुक कुळात जन्मला म्हणून तू येऊ नकोस, असे जी रूढी सांगते ती माणुसकीचा अपमान करते. ती मोडणेच धर्म होय. पण येथे पाय देऊ नये, ही मर्यादा जो सांगतो तो स्वतःही पाळीत असेल, त्याचा बापही पाळीत असेल, आणि ती आल्यागेल्या सर्वांना सारखीच असेल, तर तिच्यात कोणाचाही अपमान नाही. त्या गोंड मुलाने मला चढू नका असे म्हटले नव्हते. मी चढत नाही, एवढेच तो म्हणाला होता. शिवाय दुसरा खडकही त्याने दाखविला होता. अपमान झाला तो त्याचा, आणि तो मी केला.

दुसरा आक्षेप असा की, यात्रेकरू स्वतः तरी डोंगर कोठे स्वच्छ ठेवतात? प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या, खडकांवर रंगविलेली नावे, हे सर्व कोण करतो? हे खरे आहे, आणि भक्तीच्या नावावर ते माफ होत नाही. पण एकाने घाण केली म्हणून दुसऱ्याला मेख ठोकण्याचा हक्क प्राप्त होतो, हे तर्कशास्त्र मी वर्गात कधी शिकविले नाही. दोघांनीही आपापले आवरावे, हेच बरे.

श्रद्धा बाजूस ठेवली तरी संयमाची इतर कारणे थोडी नाहीत. आपल्या पूर्वजांनी देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांत किती दुर्मीळ वनस्पती टिकून राहिल्या, हे माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात अभ्यासून दाखविले. कड्यांचेही तसेच आहे. उंच खडकांच्या कपारींत गिधाडे घरटी करतात, आणि हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या चढाईच्या दिवसांत, त्यांची पिले असतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली, म्हणून गुरांसाठी ते औषध भारतात २००६ साली बंद करण्यात आले. जी काही उरली आहेत त्यांना घरट्यावरून उठविणे म्हणजे पिलाचा जीव घेणेच होय. कड्याच्या पोटाखाली आग्या मोहोळे लटकत असतात. दोरावर लोंबकळणाऱ्या माणसास त्यांच्यापासून पळावयास जागा नसते. जो खडक गावकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या टाळला, तो देवाच्या भयाने टाळला की मोहोळाच्या, हे आपण दुरून ठरवू नये. शिवाय पूर्व विदर्भातला खडक सह्याद्रीच्या काळ्या खडकासारखा नाही. सह्याद्रीचा खडक लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इकडचे पाषाण त्याहून कितीतरी पटींनी पुराणे, शंभर कोटी वर्षांहून अधिक वयाचे. त्यात एकदा पाडलेले भोक पुन्हा भरून येत नाही.

तेव्हा माझ्या भाच्याला मी जे सांगितले ते थोडक्यात आपणासही सांगतो. प्रथम गावात जावे, मग डोंगरावर. पाटील, पुजारी, मुजावर, भुमका, जो कोणी त्या ठाण्याची सेवा करीत असेल त्याच्यापुढे बसावे, चहा घ्यावा आणि विचारावे. एकट्याच्या होकारावर न थांबता ग्रामसभेच्या कानावर घालावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलवासी लोकांचा सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा जपण्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला आहे, हे विसरू नये. वनखात्याची परवानगी निराळी घ्यावी. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि आसपासच्या रानात वाघाचा वावर असतो. यात्रेच्या दिवसांत चढाई करू नये. त्या दिवशी डोंगर भाविकांचा. देवळाच्या खांबाला, दर्ग्याच्या कठड्याला, गडाच्या जुन्या तटाला किंवा चिंध्या-नारळ बांधलेल्या झाडाला दोर कधीही बांधू नये. काढता येणाऱ्या पाचरींवर काम भागत असेल तर मेख ठोकू नये. पुडीचे पांढरे डाग पुसून काढावे. देवाचे स्थान माथ्यावर असेल तर चार हात खाली थांबावे; कांचनगंगेवर थांबता येते तर आपल्या टेकडीवर का नाही? आणि गावच्या मुलांना आपला दोर धरू द्यावा. त्यांना खेळ येईल, तुम्हांला वाट कळेल.

भाच्याने विचारले, "आणि ते नाहीच म्हणाले तर?" मी म्हणालो, "तर दुसरा खडक दाखवा, असे म्हण. देवाचे खडक थोडे असतात. बाकीचे सारे रान तुझ्यासाठी आहे."

हे वाक्य माझे नव्हे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

काही वर्षांपूर्वी शिवरात्रीला मी प्रतापगडी गेलो होतो. गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. चढणीवर मी दम खात उभा असता एका पिकल्या केसांच्या गृहस्थाने माझा हात धरला आणि म्हटले, "गुरुजी, सावकाश." मी त्यास ओळखले. वर पोहोचेपर्यंत आम्ही पावसापाण्याच्या, धानाच्या भावाच्या गोष्टी बोलत होतो. वर गेल्यावर मी त्या रविवारचा विषय काढला आणि इतक्या वर्षांनी त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही नवे होता. तुम्हांला कोणी सांगितले नव्हते." मी म्हणालो, "तू सांगितले होतेस." यावर तो काही बोलला नाही. माझ्या चपला उचलून त्याने आपल्या चपलांशेजारी नीट ठेवल्या, आणि आम्ही दोघे दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो.

नव्या वाटा शोधणाऱ्या सर्व तरुणांना माझे शुभचिंतन आहे. त्यांचे दोर मजबूत असोत आणि ते धरणारे हात खात्रीचे असोत. मात्र दोर बांधण्यापूर्वी त्यांनी पायथ्याशी एकदा विचारून घ्यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.